‘गरम होतो’ असं सर्व्हिस सेंटरला सांगू नका

प्रश्न अकोल्याच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरचा आहे. ८८ हजारांचा पातळ लॅपटॉप, घेऊन दहा महिने झाले. व्हिडिओ कॉल सुरू झाला की पंखा किंचाळतो, कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नाही, तापमान ९८ डिग्री दिसतं आणि आठवड्यातून एकदोनदा मशीन धाडकन बंद पडतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरने पहिल्यांदा ‘विदिन स्पेसिफिकेशन’, म्हणजे सगळं ठरलेल्या मर्यादेत, असं लिहून परत दिलं. दुसऱ्यांदा मदरबोर्ड बदलला. तिसऱ्यांदा ‘नो फॉल्ट फाउंड’. वॉरंटी संपायला दोन महिने उरलेत. बाहेर उघडून घेऊ, ग्राहक मंचात जाऊ, की पैसे बुडाले समजू?

बाहेर उघडू नका, निदान वॉरंटी आहे तोवर तरी नाही. पैसे बुडालेले नाहीत. मंचाची वेळ कदाचित येणारही नाही, पण आजपासून तिथे जायचंच आहे असं धरून कागद जमवा.

आधी मी कोण ते सांगतो. नागपुरात सीताबर्डीला १९ वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. त्यातली पहिली चार एका कंपनीच्या अधिकृत सेंटरात काढली. म्हणजे तुमच्या जॉब शीटवर जे ‘विदिन स्पेसिफिकेशन’ आलंय ते मीही शेकड्यांनी लिहिलंय, आणि लिहिताना आपण खोटं लिहितोय असं बहुतेक वेळा वाटलंही नव्हतं. मशीन आलं की कंपनीने दिलेला तपासणीचा प्रोग्राम लावायचा. दहा-पंधरा मिनिटांत तो मेमरी, डिस्क, पंखा, बॅटरी बघतो आणि हिरवी खूण देतो. खोली एसीची, २४ डिग्री. तुमच्याकडे मे महिन्यात दुपारी घरात ३८-४० असतं. लॅपटॉप खोलीतल्याच हवेने थंड होतो, त्यामुळे खोली १५ डिग्रीने तापली की आतली चिपही साधारण तितकीच वर चढते. आमच्या टेबलावर ८३ वर निवांत चाललेलं मशीन तुमच्या टेबलावर ९८ ला टेकायचं ते असं. त्यात प्रोग्राम हिरवा असताना पार्ट मागवला, तर ‘का मागवला’ याचं उत्तर इंजिनिअरलाच द्यावं लागायचं, आणि संध्याकाळपर्यंत किती जॉब बंद केले ते मोजायला वरचा माणूस बसलेला. त्या खोलीत ‘गरम होतो’ या तक्रारीला जागाच नसते. गरम सगळेच होतात.

इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरना १०० डिग्रीच्या आसपासची मर्यादा आखून दिलेली असते. तिच्याजवळ पोहोचलं की प्रोसेसर आपणच वेग उतरवतो, वीज कमी खातो आणि जीव वाचवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. कंपनीच्या लेखी हे संरक्षण आहे. त्यामुळे ९८ चा फोटो दाखवून काउंटरवर भांडणारा माणूस पहिल्याच वाक्यात हरतो, कारण तो आकडा कंपनीच्या मर्यादेतच बसतो. पण त्या ९८ ला प्रोसेसरचा वेग किती उरला होता आणि तो वीज किती खात होता, हे दोन आकडे शेजारी मांडले की तीच तक्रार वेगळी दिसू लागते. आणि ‘बंद पडतो’ हे तर कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये बसत नाही. तुमच्या प्रश्नात बंद पडण्याची गोष्ट सगळ्यात शेवटी आली. सेंटरला सांगताना ती पहिली यायला हवी होती.

२०१८ चा जुलै आठवतो. ॲपलने नवा मॅकबुक प्रो आणला होता, वरच्या मॉडेलमध्ये इंटेलचा कोअर आय-९. मूळ वेग, म्हणजे सततच्या भाराखालीही टिकायला हवा तो, २.९ गिगाहर्ट्झ. एका यूट्यूबरने व्हिडिओ रेंडर करून दाखवलं की भार पडला की मशीन वाढीव वेग तर सोडाच, हा मूळ वेगही राखू शकत नाही. मग त्याने ते चक्क फ्रीझरमध्ये ठेवलं, आणि बाहेर ३९ मिनिटं घेणारं काम २७ मिनिटांत झालं. (तुम्ही हे करू नका. फ्रीझरमधून बाहेर काढलेल्या मशीनला दव सुटतं आणि मग ते माझ्याकडे येतं.) जेमतेम आठवड्याभरात, २४ जुलैला, ॲपलने कबूल केलं की थंडाव्याच्या फर्मवेअरमध्ये एक डिजिटल की राहून गेली होती, आणि दुरुस्ती सोडली. गरम होतो म्हणणारे हजारो लोक त्याआधीही होते. कंपनी हलली ती मूळ वेगाच्या खाली गेलेल्या आकड्यामुळे. त्याच्यामागे लाखो प्रेक्षक होते हे खरं, आणि तुमच्यामागे नाहीत. पण तुमच्यामागे कायदा आहे. त्याच्याकडे येतोच.

आता मशीनला झालंय काय ते बघू. कुठलंही सॉफ्टवेअर लावायच्या आधी मी हात लावून बघतो, तुम्हीही बघा. मशीन टणक टेबलावर ठेवा, चार्जर लावा, जड काम सुरू करा आणि पाचेक मिनिटांनी जिथून हवा बाहेर पडते तिथे तळहात धरा. हवा भरपूर आणि चांगलीच कढत येत असेल, तर थंडावा आपलं काम करतोय, चिपच जास्त उष्णता ओकतेय. पंखा जोरात ओरडतोय पण हवा जेमतेम, तर जाळीत धूळ अडकलीय किंवा पंखा गेलाय. तिसरा प्रकार फसवा असतो. पंखा जोरात, हवा भरपूर, पण कोमट, आणि स्क्रीनवर मात्र ९८. म्हणजे उष्णता चिपपासून जाळीपर्यंत पोहोचतच नाही. चिपवर उष्णता पुढे नेणारी पेस्ट, पेस्टवर तांब्याचा ठोकळा, त्याला जोडलेली चपटी तांब्याची नळी, आणि नळीच्या टोकाला पत्र्यांची जाळी अशी ती वाट असते. त्या नळीत थोडंसं पाणी असतं, बरं का, निर्वात करून सील केलेलं. एका टोकाला वाफ होते, दुसऱ्या टोकाला गार होऊन परत येते. नळीला बारीक चीर गेली की पाणी उडतं आणि उरतो नुसता तांब्याचा तुकडा. बाहेरून काहीही दिसत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला हा तिसरा प्रकार वाटतो. व्हिडिओ कॉल म्हणजे काही फार जड काम नव्हे. तेवढ्याला ९८ ला जाणाऱ्या, दहा महिन्यांच्या मशीनमध्ये धुळीपेक्षा माझा संशय जोडणीवर जातो. आणि बोर्ड बदलून आल्यावर तर जास्तच.

का, ते सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी वर्ध्याची एक प्राध्यापक बाई लॅपटॉप घेऊन आल्या. वॉरंटी संपलेली, संपायच्या आधी दोनदा बोर्ड बदललेला, तरी तापतोच. उघडला. हीटसिंकवर, म्हणजे ठोकळा-नळी-जाळीच्या त्या जोडणीवर, कंपनीनेच १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. त्या क्रमाने, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचे, म्हणजे ठोकळा चिपवर सपाट बसतो. इथे तीन स्क्रू घट्ट होते आणि चौथा नुसता टेकवलेला, नखाने फिरला. ठोकळा उचलला तर पेस्ट एका कोपऱ्यात जाड लोण्यासारखी आणि दुसऱ्या कोपऱ्यात जवळजवळ नाहीच. याहून वाईट म्हणजे बाजूच्या पॉवरच्या भागांवर जो रबरासारखा पॅड बसवतात, त्याची निळी पारदर्शक फिल्मच काढलेली नव्हती. नवा पॅड काढला, चिकटवला, फिल्म विसरली. ८० रुपयांची पेस्ट, एक स्क्रू आणि निळ्या प्लास्टिकचा एक तुकडा, यापायी बाईंनी दीड वर्ष मशीन पुस्तकांच्या उशीवर टेकवून वापरलं होतं. त्या दुरुस्ती करणाऱ्याला मी एकट्याला शिव्या घालणार नाही. बोर्ड बदलायला किती मिनिटं मिळतात ते मला माहीत आहे. पण ‘बोर्ड बदलला, तरी होतंय, म्हणजे मॉडेलच असं आहे’ हा जो निष्कर्ष तुम्ही मनाशी काढलाय तो थांबवा. बोर्ड बदलताना हीटसिंक काढून पुन्हा बसवावाच लागतो, आणि तो कसा बसवला हे कोणी तपासत नाही.

दुसरी गोष्ट बंद पडण्याची. ९८ ला प्रोसेसर मशीन बंद करत नाही. तो आधी वेग उतरवतो, आणि बंद करायची त्याची स्वतःची शेवटची रेषा बरीच वर असते. त्यामुळे ९८ लाच वीज तुटत असेल तर माझी नजर आजूबाजूला जाते. वर सांगितलेले पॉवरचे भाग, चार्जर, बॅटरी. बॅटरीचं आजच बघा. झाकण बंद करून मशीन काचेच्या टेबलावर ठेवा आणि कोपरा दाबा. डुगडुगतं का? टचपॅड पूर्वीपेक्षा कडक लागतो का, वर उचलल्यासारखा दिसतो का? यातलं काहीही असेल तर बॅटरी फुगलीय. मग चार्जर काढा, मशीन बंद करा आणि वापरू नका. अशी बॅटरी काउंटरवर दाखवली की सहसा वाद होत नाही; फुगलेल्या बॅटरीपुढे ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहायची हिंमत मीही केली नसती.

धुळीचंही सांगून टाकतो, कारण दहातल्या सहा मशीनना तोच रोग असतो. पंखा आणि पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये धूळ साचत साचत तिचा नमदा होतो. चिमट्याने उचलला तर पट्टीसारखा अख्खा निघतो. घरोघरीची धूळ वेगळी असते. देवघराशेजारी ठेवलेल्या मशीनमध्ये उदबत्तीच्या धुराने ती काळी, चिकट होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या मशीनमध्ये फोडणीचा तेलकट थर. यवतमाळच्या एका जिनिंगवाल्यांचं मशीन दर दिवाळीनंतर येतं, त्याच्या पंख्यात सरळ कापूसच असतो. आणि आपल्या विदर्भाचा खास रोग म्हणजे कूलर. लॅपटॉप गार राहावा म्हणून लोक तो कूलरच्या झोतासमोर ठेवतात. बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत जातात, पाणी उडतं, पांढरा क्षार उरतो. बोर्डावर मिठाची बोटं फिरवल्यासारखं दिसतं, आणि ते दिसलं की कंपनी ‘लिक्विड डॅमेज’ लिहून वॉरंटी नाकारते. तुमचंही मशीन कूलरसमोर असेल तर आधी ते हलवा.

सॅकमध्ये ठेवलेलं मशीन तासाभराने भाजल्यासारखं गरम निघतं, असंही बरेच जण सांगतात. तो वेगळा प्रकार. हल्लीच्या विंडोज मशीनमध्ये झाकण मिटलं की जुनी गाढ झोप येत नाही, मोबाइलसारखी जागसूद झोप येते, आणि मध्येच काहीतरी जागं होऊन बॅगेत घाम गाळतं. झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट होईल अशी सेटिंग करा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता जे अजिबात करायचं नाही ते. बाजारात ‘चिप रीबॉल करून देतो’, ‘हीट मारून देतो’ म्हणणारे भेटतील. या धंद्याची मुळं बऱ्याच अंशी २००८ मध्ये आहेत. त्या वर्षी २ जुलैला एन्व्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या त्यांच्या काही ग्राफिक्स चिप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होताहेत, आणि दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. कारण सांगितलं ते मुळातून वाचण्यासारखं आहे: चिप आणि तिच्या पॅकेजमधलं कमकुवत मटेरियल, लॅपटॉपवाल्यांची थंडाव्याची रचना, आणि ग्राहकांची वापरण्याची पद्धत. शेवटचं वाचून आम्ही टेबलावर हसलो होतो. मशीन चालू करून पुन्हा बंद करणं हीच ती पद्धत. तापतं, निवतं, तापतं, निवतं, आणि चिपखालचे डोळ्यांना न दिसणारे जोड तडकतात. डेलने तेव्हा बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, अपडेट दिला, त्याने पंखा जास्त वेळ फिरू लागला. एचपीने काही मॉडेलची वॉरंटी वाढवली. ॲपलने आपल्या मॅकबुक प्रोची ती दुरुस्ती वॉरंटीनंतरही फुकट केली. आमच्याकडे एचपीच्या डीव्ही-६००० आणि डीव्ही-९००० या मॉडेलच्या रांगा लागायच्या.

तो तडा चिपच्या आत असायचा. रीबॉलिंगमध्ये बदलतात ते चिपच्या खालचे, बोर्डाला टेकणारे गोळे. म्हणजे पाय मोडला आणि चपलेचा अंगठा शिवला. मग तरी मशीन चालू कसं व्हायचं? रीबॉल करताना चिप तापते, आतला तडकलेला जोड तात्पुरता टेकतो. महिना, दोन महिने, फार तर सहा. पैसे घेऊन झालेले असतात. मीही सुरुवातीला हे केलंय, कळल्यावर बंद केलं. तेव्हा कोणी हीट गन घेऊन पुढे आला तर मशीन उचला आणि निघा. हल्ली यूट्यूब बघून लोक पेस्टच्या जागी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, भरतात. त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियमला खातं आणि ओघळलं तर बोर्ड शॉर्ट करतं. कारखान्यातून तसं आलेलं असेल तर ठीक, घरी नको.

त्या प्रकरणाचा शेवटही ऐका, तुमच्या कामाचा आहे. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला, २०१० मध्ये तडजोड झाली. एचपीवाल्यांना जुन्या मशीनच्या बदल्यात कॉम्पॅकचं एक साधं मशीन मिळालं, त्यावरून पुन्हा ओरड झाली. तडजोड अमेरिकेतल्या खरेदीदारांपुरती होती, आपल्याकडच्यांना त्यातून काही नाही. पुढे २०११ च्या मॅकबुक प्रोच्या ग्राफिक्सचंही तसंच रडगाणं झालं. ॲपलने फुकट दुरुस्तीचा कार्यक्रम काढला तो २०१५ च्या फेब्रुवारीत, चार वर्षांनी. पण ज्यांनी मधल्या काळात पदरचे पैसे घालून दुरुस्ती केली होती आणि ज्यांच्याकडे बिल होतं, त्यांचे पैसे परत करायची सोय त्यात होती. माझ्याकडच्या एका गिऱ्हाइकाने तेव्हा घरभर बिल शोधलं होतं. सापडलं नाही.

म्हणून कागद. दोन-तीन संध्याकाळी काढा आणि हे करा. खोलीत साधं भिंतीवरचं थर्मामीटर लावा, त्याचा आकडा लिहा. मशीन टणक टेबलावर, चार्जर लावलेला, पॉवर मोड सगळ्यात वरचा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात लॉगिंगची सोय आहे, दर दोन सेकंदांनी सगळे आकडे फाइलमध्ये पडतात. ते चालू करून सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा चाचणीचा प्रोग्राम, अर्धा तास सलग फिरवा. नंतर तुमचा नेहमीचा व्हिडिओ कॉल अर्धा तास. फाइलमध्ये चार गोष्टी बघा: तापमान, वेग, चिप खात असलेले वॅट, आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या रकान्यात ‘येस’ आहे का.

वॅट सगळ्यात बोलके. पातळ मशीनमधला प्रोसेसर कागदावर १५ वॅटचा असला तरी पहिले काही सेकंद ४०-५० वॅट सहज ओढतो, त्या क्षणी ९५ दिसलं तर त्यात काही विशेष नाही. पण अर्ध्या तासाने तो १० वॅटवर आलेला आहे आणि तरीही ९५ च दिसतंय, तर थंडाव्याची वाट मोडलीय, याला दुसरा अर्थ नाही. वॅट कमी असतानाही काम सुरू केल्या केल्या दोन-तीन सेकंदांत तापमान ५० वरून ९५ वर उडी घेत असेल तरी तेच, पेस्ट किंवा ठोकळ्याचा टेकू. प्रोसेसरच्या आत कोअर नावाचे वेगवेगळे भाग असतात; एका कोअरला ९६ आणि शेजारच्याला ७८ असा फरक सतत दिसला, तर मला तो चौथा स्क्रू आठवतो. वेगाचा आकडा इंटेलच्या संकेतस्थळावर दिलेल्या मूळ वेगाशी ताडून बघा. भाराखाली त्याच्याही खाली जात असेल तर लिहून ठेवा. काही मॉडेलमध्ये कंपनीच वॅट मुद्दाम कमी बांधते, तिथे हा मुद्दा थोडा लंगडा पडतो, म्हणून एकट्या वेगावर भिस्त ठेवू नका.

बंद पडण्यासाठी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. सिस्टीमच्या नोंदींत ‘कर्नल-पॉवर, ४१’ अशी लाल नोंद दिसेल, तारीख-वेळेसकट. मशीन का बंद पडलं ते ती सांगत नाही, फक्त नीट बंद न होता बंद पडलं एवढंच सांगते. पण सात आठवड्यांत अशा अकरा नोंदी, ही गोष्ट ‘कधी कधी बंद पडतो’ यापेक्षा फार वेगळी वाटते. मोबाइलवर एखादा व्हिडिओ मिळाला, घड्याळ दिसतंय आणि स्क्रीन काळी होतेय, तर सोन्याहून पिवळं.

मग ईमेल. फोन करायचाच असेल तर करा, पण फोन संपल्यावर ‘आज अमुक वाजता तुमच्या प्रतिनिधीने असं सांगितलं’ असा ईमेल टाका. पहिल्या ओळीत मॉडेल आणि सीरियल नंबर, दुसरीत ‘चालू कामात मशीन आपोआप बंद पडतं, अकरा वेळा, नोंदी जोडल्या आहेत’, तिसरीत वॅट आणि वेगाचे आकडे, चौथीत तिन्ही जुने जॉब नंबर. ‘ओव्हरहीटिंग’ हा शब्द पाचव्या ओळीच्या आधी नको. मागणी ठोस करा: हीटसिंक, पंखा आणि पेस्ट बदलून ते जॉब शीटवर लिहावं, बॅटरी तपासावी, आणि त्यानंतरही बंद पडलं तर मशीन बदलून द्यावं. सेंटरला, कंपनीच्या मुख्य तक्रार पत्त्याला आणि ज्याच्याकडून घेतलं त्या दुकानाला, तिघांनाही एकच ईमेल. दुकानदार हात वर करेल. करू द्या, पण त्याला कळवल्याची तारीख हवी.

१५ दिवसांत हालचाल झाली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. ते कंपनीला आदेश देऊ शकत नाहीत, पण तक्रार कंपनीच्या वेगळ्या माणसाच्या टेबलावर पडते, आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच जणांचं तिथेच भागलंय. नाही भागलं तर ग्राहक आयोग, म्हणजे पूर्वीचा ग्राहक मंच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे अकोल्यातच. कंपनीचं मुख्यालय बेंगळुरूला असो की आणखी कुठे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. कायद्यातली ‘दोष’ची व्याख्याही तुमच्या बाजूची आहे. विक्रेत्याने जो दावा केला त्याच्या दर्जात उणीव, हाही दोषच. खोक्यावरच्या ‘४.७ गिगाहर्ट्झपर्यंत’ मधला ‘पर्यंत’ मात्र कंपनीने विचार करून छापलेला असतो, म्हणून तक्रार वाढीव वेगावर नेऊ नका, बंद पडण्यावर ठेवा.

तिथे लोक हरतात ते एका ठिकाणी. कंपनी म्हणते दोष नाही, ग्राहक म्हणतो आहे, आणि तिसऱ्या जाणत्याचा कागद कोणाकडेच नसतो. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, तशी मागणी तक्रारीतच करा. खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. कायदा म्हणतो तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात जास्त लागतो, ती तयारी ठेवा. आणखी एक: बिल कोणाच्या नावावर आहे? फर्मच्या नावाने जीएसटीचं बिल घेऊन काही हजार वाचवले असतील तर ‘व्यावसायिक वापर’ म्हणून कंपनी पहिला आक्षेप तिथेच घेईल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण ते सिद्ध करत बसावं लागतं.

वॉरंटी वाढवून घ्यायची तर संपायच्या आधीच, आणि कंपनीचीच. दुकानवाल्याचा ‘प्रोटेक्शन प्लॅन’ बहुधा विम्याचा असतो, त्यात ‘तापतो’ कुठेच बसत नाही. अशा भांडणाच्या मशीनला मी एक वर्ष वाढवून घेतलं असतं. बोर्ड पुन्हा गेला तर त्याच्या किमतीपुढे वाढीव वॉरंटी स्वस्त पडते.

आणि हे सगळं करून असं निघालं की हीटसिंक नवा, पेस्ट नवी, बॅटरी ठणठणीत, बंद पडणं थांबलं, पण तापमान तरीही ९० च? मग ती रचनाच आहे. १५ मिलिमीटरच्या पत्र्यात कंपनीने मोठा प्रोसेसर कोंबलाय आणि विदर्भाचा उन्हाळा तिच्या हिशेबात नव्हता. तेव्हा टर्बो बंद करा: विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती ९९ टक्के केली की बहुतेक मशीनवर वाढीव वेग थांबतो. तापमान पटकन खाली येतं, आणि कॉल-कोडिंगच्या कामात फरक जाणवतही नाही. पूर्वी व्होल्टेज किंचित उतरवून यापेक्षा छान काम व्हायचं. २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची फट बाहेर आली आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटनी बऱ्याच मशीनवर ती सोयच कुलूपबंद केली. मागून दोन इंच उचलणारा लाकडी ठोकळा मात्र अजून कोणी बंद केलेला नाही. चार्जर सतत लागलेला असेल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग करा.

मशीन पुन्हा जमा करायला जाल तेव्हा काउंटरवर घाई करू नका. तक्रारीच्या रकान्यात तो माणूस ‘हीटिंग इश्यू’ असं दोन शब्दांत लिहील. ते खोडायला लावा आणि ‘चालू असताना आपोआप बंद होतो’ असं लिहून घ्या, मग सही करा. डेटा आधी काढून ठेवा. चारही कोपऱ्यांचे आणि तळाच्या स्क्रूंचे फोटो घ्या, चार्जर देत असाल तर त्याचाही सीरियल नंबर जॉब शीटवर लिहायला लावा. गेल्याच महिन्यात माझ्याकडे एक मशीन आलं, सेंटरातून परत आलेलं. मशीनमध्ये दोष नव्हताच. ६५ वॅटचा चार्जर देऊन ४५ वॅटचा परत आला होता, आणि जॉब शीटवर नुसतं लिहिलं होतं, ‘चार्जर – एक’.